चाळणीतलं लोखंड

पुरणाच्या चाळणीतून इंजिनचं ऑइल गाळू नये, एवढी अक्कल मला त्या वयात असायला हवी होती. पण रविवार होता, बायको भाजीला गेली होती, पार्किंगमधल्या घमेल्यात गाडीचं नुकतंच काढलेलं काळंकुट्ट ऑइल होतं आणि स्वयंपाकघरात खिळ्याला ती चाळणी लटकत होती. पितळी कड्याची, बारीक लोखंडी जाळीची, जुनी. मला वाटलं, अडगळच आहे.

आता मी शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेले पार्ट नाक वर करून नापास करणं, यावर आमचं घर चालतं. त्यामुळे चाळणी तशीच्या तशी वापरणं मला पटेना. सॅम्पलला बाहेरचं काही लागता कामा नये, हा आमचा पहिला नियम. म्हणून मी ती आधी सिंकमध्ये तारेच्या घासणीनं खसाखसा घासली. जाळी नव्यासारखी चमकायला लागेपर्यंत घासली. मग खाली जाऊन तिच्यातून ऑइल ओतलं, ऑइल वाहून गेल्यावर चाळणी वर्तमानपत्रावर आपटली आणि उन्हात धरून बघितलं.

कागदावर बारीक चकचक होती.

धावत वर गेलो, फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक काढून आणला आणि कागदाखालून फिरवला. ती चकचक गणपतीमागोमाग शिस्तीत चालायला लागली. म्हणजे लोखंड! म्हणजे बेअरिंग चाललं!

मी कागद जपून वर नेला तेवढ्यात बायको भाजीची पिशवी घेऊन दारात आली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या चाळणीकडे.

"ही आईची चाळणी आहे," ती म्हणाली.

"धुऊन देतो," मी म्हणालो. "पण हे बघ! लोखंड! इंजिनातून पडलंय."

ती कागदावर वाकली. मग सिंकपाशी गेली, तिथली घासणी उचलून बघितली, पुन्हा जागेवर ठेवली. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "बेअरिंग बदलून घ्या की मग."

गाडी घेतल्यापासून तिच्यासाठी काहीही करायला बायकोनं पहिल्यांदाच होकार दिला होता. मला इतकं भरून आलं, की त्या होकाराकडे मी क्वालिटीच्या नजरेनं बघितलंच नाही.

गाडीबद्दल सांगायला हवं. दोन सीटांची, लाल, जुनी जर्मन स्पोर्ट्स कार. इंजिन सीटच्या पाठीमागे. पुण्याच्या एका हौशी माणसाला ती जड झाली आणि मला तर हलक्यात मिळाल्यासारखीच वाटली. आमच्या घरात माणसं चार, गाडीत सीटा दोन. बायको म्हणाली, "पोरांना काय डिकीत घालायचं?" मी उत्साहानं सांगितलं, की हिला डिक्या दोन आहेत, एक पुढं आणि एक मागं. ते तिला उत्तर वाटलं नाही.

या जातीच्या इंजिनाचं एक दुखणं आहे. त्याच्या पोटात एका मधल्या शाफ्टच्या टोकाला मुठीत मावेल एवढं बेअरिंग असतं. पुष्कळ गाड्यांत ते जन्मभर टिकतं. काहींत टिकत नाही. आणि जाताना ते आधी कण्हत नाही की कुथत नाही. गेलं की शाफ्ट डुगडुगतो, आतल्या वस्तू एकमेकींवर आदळतात आणि रस्त्यात, उभ्या उभ्या, अख्खं इंजिन भंगारात. ते आधीच बदलावं, तर त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, म्हणजे चांगल्या चालत्या गाडीचं पोट फाडायचं. म्हणून मालक लोक वर्षानुवर्षं तळ्यात-मळ्यात करत राहतात. मीही करत होतो. आमच्या शॉपच्या भिंतीवर 'तुटण्याआधी बदला' असा फलक आहे, तो मीच लावून घेतला आहे, आणि मी घरी मात्र रोज सकाळी इंजिनाच्या आवाजाला कान लावून, चांगलंच आहे की, म्हणत होतो.

पण त्या वर्षी प्रश्न नुसत्या इंजिनाचा नव्हता. दसऱ्याला मला सूड घ्यायचा होता.

सूड माझ्या साडूंवर. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इस्लामपूरकडं ऊस, सांगलीत विश्रामबागेत बंगला, दारात पांढरी उंच गाडी, इतकी उंच की उतरताना ते गड उतरल्यासारखे उतरतात. माणूस देहानं भक्कम आणि आवाजानं त्याहून. दर दसऱ्याला आम्ही त्यांना सोनं द्यायला जातो, कारण नात्यानं ते थोरले. त्याआधीच्या दसऱ्याला मी पहिल्यांदाच ही गाडी घेऊन गेलो. पोरांना शेजारी सोडून साताऱ्याहून निघालो, पेठ नाक्याला वळलो, आष्ट्यात लोक थांबून बघत होते, मी काळा चष्मा सावरत होतो. आणि साडूंच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या कॉलनीनं हौसेनं बांधलेल्या स्पीडब्रेकरवर, गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, आणि आम्ही नवरा-बायको मध्ये, काचेत ठेवलेल्या मूर्तींसारखे.

साडू फाटकातून आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग खाली वाकून काचेतून माझ्याकडं बघितलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पावनं, म्हैस बसलीया काय तुमची?"

मी म्हणालो, "उतरतो, मग सुटेल."

"आवं बसा! उतरताय कशाला! मानाचं पावनं तुमी."

त्यांनी उसाच्या कामावरचे गडी हाक मारून बोलावले, गल्लीतली माणसं जमा केली, आणि आम्ही आत बसलेले असताना ती गाडी चारी बाजूंनी उचलली. "गणपती बाप्पा मोरया!" साडू ओरडले. सगळे ओरडले. अंगणात नेऊन ठेवेपर्यंत ओरडत होते. सगळ्याचा व्हिडिओ साडूंनी स्वतः काढला, आणि मी बूट काढून पायऱ्या चढेपर्यंत तो आमच्या घरच्या ग्रुपवर पडला होता. नागपूरच्या आतेबहिणीनं खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

जेवताना साडू म्हणाले, "फुडल्या वर्साला यष्टीनं या गड्या. यष्टी कुटं बी चढतीया."

त्या दिवसापासून मी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला, की त्यातला माझा चेहरा मला अनोळखी वाटायला लागला. आंघोळ करताना मी साडूंना द्यायची उत्तरं जुळवायचो. कंपनीच्या बसमध्ये, खंबाटकीच्या बोगद्याच्या अंधारात, मी मनात ठरवायचो: पुढच्या दसऱ्याला तीच गाडी, तोच ब्रेकर. तो कसा तिरपा ओलांडायचा हे मी आमच्या सोसायटीच्या फाटकात शिकून घेतलं. मग गाडी फाटकाशी उभी करायची आणि साडूंना म्हणायचं, बसा, चक्कर मारून आणतो. सीट जमिनीपासून वीतभर. ते बसतील. बसणं सोपं आहे. उठणं? ते त्यांचं त्यांनी बघावं. एवढा साधा माझा बेत होता. पण त्याच्यावर मी वर्षभर जगलो.

आणि आता कागदावर लोखंड.

बेअरिंग न बदलता निघालो आणि पेठ नाक्यापुढं ते गेलं, तर काय होईल हे मला स्पष्ट दिसत होतं. इस्लामपूर साडूंचं. ट्रॅक्टर साडूंचा. माझी गाडी दोरानं बांधून सांगलीत नेली जाणार आणि स्टिअरिंगवर मी बसलेला असणार. उलट बदलायला घेतली आणि दसऱ्यापर्यंत जुळली नाही, तर यष्टी. म्हणजे साडूंचा शब्द खरा.

मी मेकॅनिकला विचारलं. तो फौजेतून निवृत्त झालेला, सातारच्या एमआयडीसीत त्याचं गॅरेज. प्रत्येक गोष्टीत त्याला रणगाडा आठवतो.

"सायेब, रणगाड्याचं इंजिन म्या वाळूत उतरवलंय," तो म्हणाला. "ही तर खेळन्यातली गाडी."

"ते ठीक आहे. पण बदलू का नको?"

"बदलला तरी चालतंय. न्हाई बदलला तरी चालतंय."

"मग काय करू?"

"रणगाड्यात आमी इचारायचोच न्हाई. हुकूम यायचा."

तो माझ्या हुकमाची वाट बघायला लागला आणि मी त्याच्या सल्ल्याची. त्यात श्रावण गेला. गणपती आले. मी घरी येऊन बायकोपुढं बाजू मांडायचो: उघडलं आणि जुनं चांगलंच निघालं तर? नाही उघडलं आणि गेलं तर? ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. तिनं चाळणी राखेनं, लिंबानं, सोड्यानं, कशाकशानं धुतली होती, पण तिचा ऑइलचा वास काही गेला नव्हता. ती आता गॅलरीत, मोगऱ्याच्या कुंडीवर टांगलेली असायची.

"तुम्हाला गाडी वाचवायचीय का दाजींचं नाक कापायचंय?" एकदा तिनं विचारलं.

"दोन्ही."

"मग उघडा. लोखंड तुम्ही स्वतः बघितलंत ना?"

बघितलं होतं. गणपतीच्या साक्षीनं. पितृपक्ष संपता संपता मी हुकूम सोडला.

नवं बेअरिंग बाहेरून यायचं होतं. मेकॅनिकनं तोवर गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, जुनं बेअरिंग ओढून बाहेर काढलं. पार्सल कुठंतरी अडकलं होतं. ते खंडेनवमीच्या सकाळी माझ्या हातात पडलं आणि मी स्कूटरवरून सुसाट एमआयडीसीत गेलो. दसरा उद्यावर होता. फौजी म्हणालाच होता, की पार्ट आला की झटक्यात बसवतो.

गॅरेजमध्ये उदबत्त्यांचा धूर. मधोमध सतरंजी, तिच्यावर गॅरेजमधला झाडून सगळा पाना, जॅक, हातोडा, पुलर ओळीत मांडलेला, प्रत्येकावर हळदी-कुंकू, झेंडू. फौजी धुतलेला सदरा घालून आरती आटपून प्रसाद वाटत होता.

माझी चूक काय झाली ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी सगळा हिशेब दसऱ्याचा धरला होता आणि नवमी विसरलो होतो. मी! ज्याच्या घरी दर नवमीला विळी आणि कात्री पाटावर चढते आणि त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नाहीत!

"बेअरिंग आलं," मी म्हणालो. "बसवा."

"कशानं?" फौजी म्हणाला. "हत्यारं पूजेत हायेत."

"एक पाना उचला फक्त."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला सीमेवरून पळ काढायला सांगत होतो. "सायेब, लढाईच्या टायमाला सुद्धा पूजेतली रायफल न्हाई उचलली आमी. उद्या पूजा उतरली की दुपारच्याला घेतो."

उद्या दुपारी घेतली तर माझा दसरा गेला, मग एकदम दिवाळी. मी हताश होऊन बेअरिंग काढून त्याला दाखवलं, तर त्यानं ते माझ्या हातून भक्तिभावानं घेतलं, सतरंजीवर ठेवलं आणि त्याच्यावर हळदी-कुंकू वाहिलं.

"अहो, त्याला धूळ चालत नाही!"

"हळद हाय, धूळ न्हाई."

मग त्यानं जुनं बेअरिंग माझ्या हातात ठेवलं. मी ते बोटावर घेऊन फिरवलं. कारखान्यात आयुष्यभर तेच केलं आहे. ते लोण्यासारखं फिरलं. पुन्हा फिरवलं. ना खरखर, ना झोल. मी असं बेअरिंग डोळे मिटून पास केलं असतं. मग कागदावरचं लोखंड आलं कुठून? मी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि घरी कोणाला काही बोललो नाही.

दसऱ्याला आम्ही एसटीनं गेलो. बायको खुशीत होती. दोन सीटांच्या गाडीतून तिला बहिणीकडं मनासारखं काही नेता येत नसे, की आणता येत नसे. यंदा तिनं दोन थैल्या भरून नेल्या. स्टँडवर साडू उंच गाडी घेऊन हजर होते, आणि मी एसटीच्या पायरीवरून उतरताना त्यांनी व्हिडिओ काढला.

"म्हनलं हुतं का न्हाई? यष्टी कुटं बी चढतीया!"

मी वाकून त्यांना आपट्याचं पान दिलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती मला दिवाळीपर्यंत जाणवत होती. जेवणं झाल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरात हसत होत्या. दार लोटलेलं होतं. एकदा हसणं थांबे, मग कुणीतरी काहीतरी बोले आणि पुन्हा सुरू. मला वाटलं, माझ्या एसटीवरच हसताहेत. हसा म्हटलं. येताना बायकोच्या थैल्यांत हळद होती, बेदाणे होते, आणि ताईनं दिलेली पुरणाची चाळणी होती.

गाडी दिवाळीच्या तोंडावर तयार झाली. फौजीनं बेअरिंग पेट्रोलनं तीनतीनदा धुतल्याचं शपथेवर सांगितलं. पाडव्यानंतर आम्ही फराळाला सांगलीला निघालो. इंजिन आधी जसं चालत होतं अगदी तसंच चालत होतं, आणि मी आष्ट्यापर्यंत बायकोला सांगत होतो, की फरक बघ किती पडलाय.

ब्रेकर मी तिरपा ओलांडला. फाटकाशी थांबलो. साडू बाहेर आले.

"चढली की म्हैस!"

"बसा दादा," मी म्हणालो. "चक्कर मारून आणतो."

बायको उतरली. साडू खाली वाकले, आणखी वाकले, मग एका जागी तोल गेला आणि धप्पकन आत पडले. मी गाडी मिरजेच्या रस्त्याला घातली. वेग काही फार नव्हता. पण जो माणूस रोज ट्रकच्या ड्रायव्हरशी डोळ्याला डोळा भिडवून जातो, त्याच्या कानाला आता ट्रकचं चाक लागलं होतं. त्यांनी एका हातानं दार धरलं, दुसऱ्या हातानं माझा गुडघा.

"सावकास रं," ते म्हणाले. मग काही वेळानं, "सावकास की गड्या." मग नुसतं, "आई आंबाबाई."

परत आलो. मी ब्रेकरच्या अलीकडंच थांबलो आणि वर्षभर घोकलेलं वाक्य म्हणालो, "उतरा दादा. वजनानं पोट टेकतं."

त्यांनी एक पाय बाहेर काढला. मग दाराला धरून जोर केला. मग पाय आत घेऊन दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. मी उतरून शांतपणे मोबाइल काढला. गल्ली जमायला लागली होती. त्यात मागल्या वर्षीची माणसं होती, आणि त्यांना काय करायचं हे सांगावं लागलं नाही.

"बसा, बसा दादा! मानाचे पाहुणे तुम्ही!" मी म्हणालो. "उचला रे! गणपती बाप्पा मोरया!"

व्हिडिओ मी तिथंच ग्रुपवर टाकला. नागपूरच्या आतेबहिणीनं यावेळी दोनदा हात जोडले. साडूंनी चकली खाताना माझ्याकडं बघितलं नाही, आणि ती चकली मला काय लागली म्हणून सांगू!

परतीच्या वाटेवर मी गाणी म्हणत होतो. उंब्रजच्या आसपास बायकोला म्हणालो, "बघितलंस? सूड असा घ्यावा. वर्षभर थांबावं लागलं, इंजिन उघडावं लागलं, पण घेतला."

ती बाहेर बघत होती. "जुनं बेअरिंग चांगलंच निघालं ना?" ती म्हणाली.

गाडी जराशी डुलली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ती जाळी तारेनं घासली की लोखंड सोडते. आई होती तेव्हापासून सोडते. म्हणून आम्ही तिला नुसती चिंध्यांनी पुसतो. तुम्ही घासलीत, चमकवलीत आणि त्यातनं ऑइल ओतलंत. घासणी बघितली तेव्हाच मला कळलं."

"मग बोलली का नाहीस? मी अख्खं इंजिन उतरवलं!"

"चाळणी खिळ्यावरनं काढताना तुम्ही मला विचारलंत?"

काही वेळ नवं बेअरिंग तेवढं फिरत राहिलं.

मग तिनं थैलीतून एक बेदाणा काढून तोंडात टाकला आणि म्हणाली, "ताई तर ही चाळणीची गोष्ट दसऱ्यालाच ग्रुपवर टाकणार होती. मीच म्हटलं, राहू दे. पुढं कधीतरी लागेल."